मेव्हणा दारात

४ नोव्हेंबर

वसंत ऋतूचं पत्रक लिहून संपवलं एकदाचं. एल्बिओ सकाळपासून ओट्यावर ठाण मांडून — "बाई, आज छापायला द्यायचंय." नगरपालिकेत पर्यटनाचं खातं त्याच्याकडे आहे. खातं म्हणजे एक टेबल, एक शिक्का आणि मी. तो चौथीत असताना मी त्याला निबंध शिकवला, त्याची फळं निवृत्त झाल्यावर भोगतेय.

यंदा आमच्या पुंता कार्दो गावाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आकर्षणं — देवमाशांचं दर्शन (शेवटचा देवमासा मागच्या महिन्यात गेला). सेइबोची लाल फुलं (झाड एकच, पेट्रोलपंपामागे). रात्री समुद्रावर निळा उजेड (दिसला तर). मी म्हटलं, "एल्बिओ, देवमासे नाहीत रे आता." तो म्हणाला, "कधीही दिसू शकतात असं लिहा. यात खोटं काय आहे?"

लिहिलं.

आतून माझा नवरा वॉशिंग्टन ओरडला, माते कुठाय? त्या कडू पाल्याच्या काढ्याचा, मातेचा, पेला त्याच्याच हातात होता. ओरडायचं कारण नव्हतं, पण तो सगळंच ओरडून बोलतो. जन्मभर रोचाला जाणारी बस चालवली. इंजिन मांडीशी, त्याच्यावर आवाज चढवायची सवय. बस गेली, आवाज राहिला.

५ नोव्हेंबर

बॅग भरली. पलंगाखाली सरकवली.

६ नोव्हेंबर

उद्या सांगते त्याला.

नुबियाला सांगून ठेवलं आहे. धाकटी असली तरी बहीण माझी खमकी. म्हणाली, "ये, खोली रिकामीच आहे. पण झालं काय? मारतो?" नाही. "बाई आहे?" वॉशिंग्टनला? दोघीही हसलो. "मग?"

मग मी तिला मागच्या दाराचं सांगितलं. आमच्या घरामागची वाळूची टेकडी वाऱ्याने सरकत सरकत आली आणि मागच्या दाराला टेकली, मग दार गिळलं, मग स्वयंपाकघराची खिडकी. भर दुपारी दिवा लावून कांदा चिरते मी. "रविवारी काढतो गं वाळू," हे इतक्या रविवारी ऐकलं की हल्ली रविवार उजाडला की मला राग येतो. चोर येतील म्हणून पुढच्या खिडक्यांना गज मात्र त्याने एका दिवसात बसवले. या गावात चोर कधी आलाच नाही.

नुबिया म्हणाली, "वाळूसाठी नवरा सोडतेस?"

सांगता येत नाही. वाळूच नाही नुसती. मी बोलते ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

७ नोव्हेंबर

हे नुबियाच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. अंगावरच्या कपड्यांनिशी.

सकाळी पाव आणायला गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते — वॉशिंग्टन, जरा रेडिओ बंद कर, बोलायचंय. परत आले तर आमच्या दारात, पायरीला पाठ लावून, काहीतरी आडवं पडलेलं. वाटलं, कुणी होडी पालथी टाकून गेलं. मग होडीने सुस्कारा सोडला. सडक्या मासळीचा भपकारा आला.

हत्ती-सील! समुद्रावर लांबून पाहिलेत, पण हा दारात. अंगावरची कातडी जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखी निघालेली, नाक लोंबतं. डोळे एवढे मोठे आणि ओले की माझ्या तोंडून "माफ करा" निघून गेलं.

इतक्यात वॉशिंग्टनने आतून दार उघडलं. दार आत उघडतं, त्यामुळे उघडलं. समोर भिंतीएवढी पाठ. तिच्या वरून त्याचं टक्कल तेवढं दिसलं.

"सुल्मा, हे काय आणलंस?" तो ओरडला. म्हणजे मी पाव आणायला गेले आणि दुकानात हे मिळालं.

तटरक्षक दलाचे दोघे आले. दोरी बांधली, पाटी लावली. जनावराला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, ओलांडायचं नाही, कायदा आहे. मी म्हटलं, "आणि आत माझा नवरा आहे त्याचं काय?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माणसाबद्दल कायद्यात काही नाही म्हणाले.

८ नोव्हेंबर

मॉन्टेविडिओहून एक मुलगी आली आहे, नोएलिया. समुद्री प्राण्यांचा अभ्यास करते. दुर्बिणीतून बराच वेळ पाहून म्हणाली, "आजारी नाहीये. कात टाकतोय. वसंतात टाकतात. तरुण नर आहे, अजून पुरता वयात आलेला नाही."

"किती दिवस टाकेल?"

"तीन-चार आठवडे. एवढे दिवस त्याला खायला लागत नाही, प्यायला लागत नाही. फक्त शांतता लागते." मग तिने घराकडे पाहिलं. "आतल्या काकांना काय लागतं?"

"सगळंच," मी म्हटलं.

अग्निशमनवाले आले. गज कापू म्हणाले. नोएलिया आडवी आली — ठिणग्या, आवाज, जनावर बिथरलं तर दारासकट आत जाईल. छप्पर पत्र्याचं, उतरतं. वॉशिंग्टन आतून ओरडला, "मी काय मांजर आहे का छपरावरून उतरायला?" सीलने मान वर करून असा हंबरडा फोडला की अग्निशमनवाल्यांचा शिडीवाला खाली बसला.

नोएलियाने खिडकीकडे तोंड करून, हळू पण ठणकावून सांगितलं, "काका, तुम्हाला आवाज खाली ठेवावा लागेल. रेडिओ नाही. ओरडणं नाही."

मग नोएलियाने मागच्या दाराचा विषय काढला. "मागे दार नाही का?" मी वाळूची टेकडी दाखवली; ती उपसायला यंत्र लागेल, आणि यंत्राला आवाज. वॉशिंग्टन खिडकीतून बाजूला झाला.

९ नोव्हेंबर

वॉशिंग्टन काहीतरी म्हणाला आणि मला ऐकू आलं नाही. मी "काय?" म्हटलं. लग्नानंतर पहिल्यांदा!

१० नोव्हेंबर

जेवणाचा प्रश्न सुटला. दोरीपासून खिडकी लांब, पण नुबियाच्या कैलासवासी नवऱ्याची मासे धरायची काठी आहे. गळ काढून चिमटा लावला. त्यात तळलेल्या मांसाची मिलानेसा कागदात गुंडाळून लटकवली आणि रस्त्यावरून गजांतून आत. वॉशिंग्टनने दोन्ही हातांनी धरली. सील झोपेतून एक डोळा उघडून बघत होता. मागे टाळ्या पडल्या. वळून पाहिलं तर ब्राझीलच्या बसमधून उतरलेले लोक, मोबाइल वर धरून.

एल्बिओही उभा होता. त्याचा चेहरा मी ओळखते. चौथीत कॉपी करायची संधी दिसली की असाच व्हायचा.

११ नोव्हेंबर

गावाने सीलचं नाव 'मेव्हणा' ठेवलं. न सांगता आला, दारात आडवा पडला, उठायचं नाव नाही, आणि काही बोलायचीही सोय नाही. ज्याच्या घरी मेव्हणा आहे तो दोरीपाशी उभा राहून मान डोलावतो.

१३ नोव्हेंबर

एल्बिओ नवं पत्रक घेऊन आला. "बाई, जुनं रद्द. हे तुमच्या अक्षरात, तुमच्या भाषेत पाहिजे." वाचलं.

सकाळी — मेव्हण्याचं दर्शन. 
दुपारी — श्री. वॉशिंग्टन यांचं भोजन (काठीने). 
त्यानंतर — दोघांची वामकुक्षी. 
संध्याकाळी — श्री. वॉशिंग्टन माते पितात.

"अरे, तो माणूस आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तर. सील काय, कुठेही दिसतो. त्याच्यामागे अडकलेला माणूस अख्ख्या किनाऱ्यावर दुसरीकडे कुठे आहे?"

वॉशिंग्टन बिथरेल असं वाटलं होतं. संध्याकाळी पाहते तर गडी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत. घरात इस्त्री कुठे ठेवतात हे त्याला माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं.

१५ नोव्हेंबर

गर्दी वाढतेय. केकपासून संत्र्यांपर्यंत लोक काय काय आणतात त्याच्यासाठी. सगळं काठीने मीच पाठवायचं. वामकुक्षीच्या वेळी रस्ता चिडीचूप, नुसतं घोरणं. त्यावर पैजा लागतात, मेव्हणा की वॉशिंग्टन? निकाल द्यायला मला बोलावतात. मी डोळे मिटून ऐकते आणि सांगते. अजून चुकले नाही.

लेकीचा, लोरेलीचा, पायसांडूहून फोन आला. "आई, बाबा टीव्हीवर दिसले. एवढे शहाण्यासारखे कसे बोलत होते?" म्हटलं, हळू बोलायला लागतं. हळू बोलताना माणसाला आधी विचार करावा लागतो बहुतेक.

खरंच. आज भोजनानंतर त्याने विचारलं, "तू जेवलीस का?" रस्त्यावर एवढी माणसं, आणि त्याने मला विचारलं. मी म्हटलं, हो. जेवले नव्हते.

१६ नोव्हेंबर

आज झालं ते लिहून टाकते.

मातेची वेळ. दोरीपाशी माणसांची दाटी. वॉशिंग्टन खिडकीत आला, हातात पेला नाही. हातात माझी बॅग. गजांशी धरून म्हणाला, अगदी हळू, "सुल्मा, ही पलंगाखाली होती."

लोक एकदम गप्प. हळू बोललं की सगळ्यांनाच ऐकू येतं.

"माझी आहे," मी म्हटलं.

"ते कळलं. हिवाळ्याचा कोटही आहे आत." त्याने कोटाची बाही बाहेर ओढली. "उन्हाळा तोंडावर आलाय, कोट कशाला?"

मी हातातली काठी खाली ठेवली.

"कुठे निघाली होतीस?"

"नुबियाकडे."

"नुबिया दोन गल्ल्या पलीकडे राहते."

"हो."

"दोन गल्ल्यांसाठी बॅग?" आणि मग त्याला समजलं. तोंड उघडं राहिलं. त्याचं असं तोंड मी बघितलं नव्हतं कधी.

माझ्या शेजारी आइस्क्रीम खाणारा एक ब्राझीलचा गृहस्थ बायकोला त्यांच्या भाषेत भाषांतर करून सांगत होता — बाई नवऱ्याला सोडतेय. बायकोने विचारलं, सीलमुळे? तो म्हणाला, नाही, आधीपासूनच. कुणीतरी मागून "अरेरे" केलं. एक आजी, चांगली ब्यूनस आयर्सची नटलेली, माझा दंड धरून म्हणाली, "सोड पोरी, सोड. मी उशीर केला." तिच्या शेजारची म्हणाली, "काही नको. एवढा गुणी माणूस, शर्ट बघ त्याचा." दोघींची जुंपली. नोएलिया हात जोडून विनवत होती, हळू बोला, हळू भांडा.

वॉशिंग्टनने खिडकीची फळी लावून घेतली.

एल्बिओने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बाई, हे रोज करता येईल का?"

मी त्याला सगळ्यांसमोर कान धरून गर्दीबाहेर नेलं. त्याने तक्रार केली नाही. जुना विद्यार्थी.

१७ नोव्हेंबर

फळी बंद. मिलानेसा काठीला लटकून गार झाली. लोक अर्धा दिवस थांबून गेले. मेव्हणा पाठीवर उताणा होऊन वाळू अंगावर उडवत होता, पण त्याच्याकडे कुणी बघेना.

१८ नोव्हेंबर

फळी बंद. एल्बिओने आपल्या मामाला शेजारच्या रिकाम्या घराच्या खिडकीत बसवलं, शर्ट घालून. लोकांनी ओळखलं. मामा दिलगीर होता.

१९ नोव्हेंबर

फळी बंद, जेवण तसंच. आत काही झालं असेल तर? मी दोरीपाशी उभी राहून हाक मारली. मोठ्याने मारली. मेव्हण्याने मान उचलली, नोएलिया धावत आली. आतून एक खुडबुड ऐकू आली, बस्स. जिवंत आहे. नुबिया म्हणाली, "तू तर सोडणार होतीस ना? मग हाका कशाला?" तिच्याशी बोलत नाहीये.

२१ नोव्हेंबर

घरामागे वाळूच्या टेकडीवर जाऊन बसले, कुणी नव्हतं तिथे. वारा पडला होता. बसल्या बसल्या खालून आवाज यायला लागला. खर्र. थांबून परत खर्र. कान वाळूला लावला.

खणतोय! आतून दार उघडलंय आणि खणतोय. फावडं परसातल्या खोपटात, म्हणजे माझ्या बाजूला. तो कशाने खणतोय देव जाणे.

मी तिथेच बसून राहिले. खोपटातून फावडं काढायला मन होईना. मग काढलं. मग परत ठेवलं. त्याला जेवढं खणायचं तेवढं खणू दे.

२३ नोव्हेंबर

दुपारी वाळू खचली आणि भोकातून सूपचं पातेलं बाहेर आलं. माझं मोठं पातेलं, कडा वाकलेली. मागोमाग वॉशिंग्टनचं डोकं. भुवया, मिशी, कान, सगळं वाळूने भरलेलं. त्याने मला पाहिलं आणि परत आत गेला. मला वाटलं, आता हा रुसून आतच बसणार. पण भोकातून बॅग बाहेर ढकलली. आणि मग तो.

"तुला लागेल म्हटलं," तो म्हणाला. ओरडायला हरकत नव्हती, मेव्हणा पार पुढच्या बाजूला. तरी हळूच म्हणाला.

"काढलेली वाळू कुठे टाकलीस?"

"बैठकीत. झोपायच्या खोलीतही थोडी." कानातली वाळू काढत म्हणाला, "बरीच."

मला हसू आलं. आवरेना. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "खिडकीतून रोज दिसायचीस. त्या ब्राझीलच्या बायकांशी बोलताना हसायचीस. मी म्हटलं, ही कोण?"

मी पातेल्याची वाकलेली कडा सरळ करायला लागले.

तेवढ्यात एल्बिओ टेकडी चढून आला, धापा टाकत. वॉशिंग्टनला बाहेर बघून त्याने डोक्याला हात लावला. "काका, असं करू नका! समारोप अजून व्हायचाय, बसगाड्या ठरल्यात, पेलोतासहून शाळेची सहल येतेय. मेव्हणा जाईपर्यंत तरी अडकून राहा."

मला वाटलं, वॉशिंग्टन त्याला पातेलं मारेल. त्याने मिशीतली वाळू झटकली. "सहलीतली पोरं केवढी आहेत?"

"लहान आहेत. बालवाडी."

"बरं," म्हणाला, आणि भोकातून परत आत गेला.

२५ नोव्हेंबर

आता मागच्या दाराने मी आत जाते. गुपचूप. एल्बिओची अट — लोकांना दिसायचं नाही. म्हणून खिडकीखाली जमिनीवर बसते, वाळूत, पाय पसरून. वर वॉशिंग्टन एकटा अडकलेल्या माणसाचं तोंड करून बसतो. काठी आता नुबियाच्या हाती. चिमट्यातून मिलानेसा येते, तो अर्धी तोडून खाली देतो. बाहेर लोक हळहळतात — बिचारा, एकटा जेवतो.

बालवाडीच्या पोरांनी गाणं म्हटलं. हळू. मेव्हणा झोपला. वॉशिंग्टनचे डोळे भरून आले ते खरे होते. खालून मला दिसलं, बाहेरच्यांना वाटलं अभिनय.

मागच्या दारातून स्वयंपाकघरात ऊन आलंय. दिवा न लावता कांदा चिरला.

२७ नोव्हेंबर

खिडकीखाली. त्याने बाहेर बघतच, ओठ न हलवता विचारलं, "थांबणार आहेस का, सुल्मा?"

म्हटलं, "बघू."

त्याने बाहेरच्यांना हात केला. संध्याकाळी नुबियाकडे परत. बॅग इथे तिच्याकडेच आहे, अजून रिकामी केलेली नाही.

मला खरंच माहीत नाही. तीन आठवडे चांगलं वागणं म्हणजे काय! पुन्हा रेडिओ लागला की?

३० नोव्हेंबर

मेव्हणा गेला.

सकाळी उठला, नवी चांदीसारखी कातडी, अंग झटकलं आणि मागे न बघता सरपटत रस्ता उतरून वाळूत, वाळूतून पाण्यात. एवढी माणसं, कुणी हूं की चूं केलं नाही. नोएलियाने नाक पुसलं. मग टाळ्या.

एल्बिओ हार घेऊन दारासमोर उभा. बँडवालेही बोलावले होते. एवढ्या दिवसांनी सुटलेला माणूस बाहेर येणार! वॉशिंग्टन आला. इस्त्रीचा शर्ट, हातात त्याची स्वतःची जुनी बॅग, बस चालवायचा तेव्हाची. हाराखालून वाकून निघाला, बँडवाल्यांच्या मधून, सरळ माझ्यापाशी.

"मी लोरेलीकडे जातोय, पायसांडूला."

"का?"

"घर तुझ्या वडिलांचं आहे. जायचंच तर मी जायला हवं. हे मला खिडकीत बसून सुचलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं." मग म्हणाला, "वाळू काढायची राहिली. माणूस सांगितलाय."

दुसऱ्याने चालवलेल्या बसमध्ये हा माणूस कधी बसत नाही. आज चढला. ड्रायव्हरमागची जागाही नाही घेतली, मागे जाऊन खिडकीशी बसला. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे. टाळ्या वाजवत राहिले.

मी हात वर केला होता की नाही, आठवत नाही.

१ डिसेंबर

घरी आले. पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं, वारा आरपार. त्याने सांगितलेला माणूस आला, मी परत पाठवला. मीच काढतेय वाळू. बादलीने.

रात्री रेडिओ लावून पाहिला, मोठ्याने. बंद केला.

एल्बिओ म्हणतो, "पुढच्या वसंताचं काय लिहायचं, बाई?" म्हटलं, "देवमासे. कधीही दिसू शकतात."

३ डिसेंबर

पायसांडूची तिकिटं काढली. जायचं एक, यायची दोन. तिकीट खिडकीवरच्याने विचारलं, दुसरं कुणाच्या नावाने? म्हटलं, लिही वॉशिंग्टन. त्याला अजून माहीत नाही.